सुबियाचा मुका गाईड

खैतान, कुवेत
शनिवार, १७ जानेवारी २०२६

आई, नमस्कार.

पत्र फाडायचं असेल तर वाचून फाडा. दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, सलीलच्या फोनवरून केला तरी माझा आवाज आला की ठेवून देता, म्हणून हा कागद. आमच्या मजल्यावरचा धैर्यशील बुधवारी नाशिकला निघालाय, त्याच्या हाती पाठवते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुमच्याशिवाय हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. सुनेचं प्रेम उतू चाललंय असा गैरसमज करून घेऊ नका.

काल आमचं हळदीकुंकू झालं, तेही वाळवंटात. आमच्या बायकांच्या ग्रुपची म्होरकी अक्षरा, तिला दर संक्रांतीला काहीतरी नवीन लागतं. यंदा म्हणाली, मोठ्या पुलापलीकडे सुबियाला तंबूवाले क्वाड बाईक भाड्याने देतात, म्हणजे जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकली. पुढे गाईड, मागे आपण रांगेने, अर्ध्या तासाची चक्कर, आणि वाटेत हजारो वर्षांपूर्वीची थडगी. मी म्हटलं, अगं, सवाष्णींनी हळदीकुंकवाला थडग्यांवरून फेरी मारायची? तर म्हणाली, "पुरातन वास्तू म्हण ना, थडगी काय म्हणतेस."

सकाळी सलील बूट घालत होता तेव्हा त्याला सांगितलं. सध्या त्यांच्या रिफायनरीत शटडाऊन चालू आहे, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती, म्हणून शुक्रवारीसुद्धा साईटवर जावं लागतं. निदान मला तसं माहीत होतं. सुबिया म्हटल्यावर त्याने मान वर केली. "कुठला तंबू?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय माहीत, तिथे पन्नास तंबू असतात, अक्षराला विचार. मग म्हणाला, "थंडी फार आहे, नको जाऊस." मी म्हटलं, तुझ्या साईटवर काय हीटर लावलेत? लेस बांधली आणि गेला. मी अशीच बोलते, तुम्हाला ठाऊक आहे.

मिनीबसने गेलो. सगळ्याजणी काळ्या ड्रेसमध्ये, आणि अक्षराची आई, साताऱ्याच्या चारुशीलामावशी, बहात्तर वर्षांच्या, काळ्या साडीखाली सलवार घालून सगळ्यांत पुढे. तंबूचा माणूस ओवैस, हैद्राबादी. त्याने हेल्मेटं वाटली आणि एका उंच माणसाकडे बोट केलं. डोक्याला आणि तोंडाला अरबी रुमाल घट्ट गुंडाळलेला, वर वाळूचा गॉगल, अंगात ढगळ जाकीट. ओवैस म्हणाला, "ये हमारा मुहंदिस है, इसके पीछे पीछे चलना, आगे नहीं निकलना." मुहंदिस म्हणजे इंजिनियर. अक्षरा खुसखुसली, "इथे बाईक हाकणाऱ्यालाही इंजिनियर म्हणतात." मीही हसले. त्या माणसाने एक शब्द काढला नाही, सगळं हातानेच. मूठ वर म्हणजे थांबा, पंजा खाली म्हणजे सावकाश. कुणीतरी म्हणालं, बिचारा मुका दिसतोय.

मजा आली, खोटं कशाला बोलू. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. थंड वारा, सगळीकडे सपाट पिवळं. थडगी म्हणजे दगडांचे ढीग, रस्त्याच्या कामाला खडी टाकून ठेवावी तसे, भोवती तारेचं कुंपण. तिथे गाईडने मूठ वर केली. आम्ही उतरलो, फोटो काढले आणि अक्षराने तिथेच कुंपणाला पाठ करून हळदीकुंकवाची तबकं उघडली.

चारुशीलामावशींनी सगळ्यांना तिळाची वडी दिली आणि मग म्हणाल्या, "त्या मुलालाही देते गं, सणाचं कुणाला वगळू नये." तो लांब गाडीपाशी उभा होता. मावशी चालत गेल्या. त्याने हात पुढे केला, वडी घेतली, आणि वाकला. आई, तो मावशींच्या पाया पडला. उजवा हात पायाला, मग कपाळाला.

सगळ्याजणी खदाखदा हसल्या. "अगं बाई, अरब पाया पडला!" अक्षरा म्हणाली, आपले लोक येत असतील, बघून बघून शिकला असेल. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "औक्षवंत हो रे बाळा."

मी हसले नाही. वाकताना त्याचा डावा गुडघा बाहेर गेला होता. शाळेत असताना सायकलवरून पडून मोडला होता तो, त्याला तो नीट दुमडता येत नाही. तुमच्या पाया पडताना तो कसा वाकतो ते तुम्ही आयुष्यभर पाहिलंय. मी सोळा वर्षं पाहिलंय. हजार माणसांत ओळखेन.

ओरडावं, त्याचा रुमाल ओढावा, असं आलं मनात. पण पंधरा बायका बघत होत्या, आणि एका मालकाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इथे दुसरीकडे काम करणं गुन्हा आहे. पकडलं तर बोटांचे ठसे घेऊन थेट विमानात, पुन्हा या देशात पाऊल नाही. यांतल्या एकीने जरी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तरी संध्याकाळपर्यंत साऱ्या कुवेतला कळलं असतं. एवढं डोकं त्या क्षणीही चाललं माझं.

तेवढ्यात अक्षराने मला ढकललं. "मुक्ता, तू पण दे ना, तुझ्या वड्या मऊ झाल्यात." मी गेले. त्याने तळहात पुढे केला. अंगठीच्या जागी नुसता पांढरा पट्टा होता. मी वडी ठेवली आणि म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्याने वडीवर मूठ मिटली.

परत येताना माझा अंगठा खटक्यावरच राहिला. गाडी रांग सोडून कुंपणाच्या रोखाने निघाली, मला सोडताही येईना. तो मागून आला, धावत्या गाडीवरून वाकून माझी किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. गॉगलमधून बघत राहिला. बायका ओरडत जवळ येत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "शुक्रिया, भैया." नवऱ्याला भैया म्हणाले, आई.

तो रोजच्या वेळेला घरी आला. आंघोळ केली, जुईलीचा अभ्यास घेतला. जेवताना विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, छान. गाईड मुका होता. तो म्हणाला, "हो का." आणि आमटी वाढून घेतली.

तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा. यातलं त्याला मात्र एक अक्षर बोलू नका. त्याने स्वतःहून सांगावं असं मला वाटतंय.

मुक्ता


मंगळवार, २० जानेवारी

आई, पाकीट अजून बंद केलं नव्हतं, म्हणून हे पानही घालते.

त्याच्याबरोबर काम करायचा तो फैजान, त्याला मी हवल्लीच्या माझ्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन केला. सहजच विचारल्यासारखं केलं. तो म्हणाला, "भाभी, आपको नहीं पता?" आणि मग इतका गडबडला की मलाच त्याची कीव आली. ऑगस्टमध्ये त्यांचं कंत्राट गेलं. अख्खं डिपार्टमेंट घरी बसवलं. मालकाने मेहरबानी म्हणून मार्चअखेरपर्यंत इकामा चालू ठेवलाय, तोवर दुसरी नोकरी शोध म्हणून. शटडाऊन वगैरे काहीही नाही. नोकरी सुटताना जे मिळालं त्यातून तो दर महिन्याला पगार म्हणून घरात भरतोय, असं आता माझ्या लक्षात येतंय.

ऑगस्टपासून, आई. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीला त्याने मला पैठणी घेतली. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून हा माणूस निघायचा आणि मी दारात उभी राहून सांगायची, आज तरी बॉसशी प्रमोशनचं बोल. तो म्हणायचा, बोलतो. कुठे जाऊन बसत होता थंडी सुरू होईपर्यंत? पंचेचाळीस डिग्रीत? मी विचार करते आणि माझं डोकं बधिर होतं.

मी त्याला रोज वाट करून देते. काल विचारलं, ऑफिसात काही टेन्शन आहे का? "नाही गं, नेहमीचंच." आज डब्यात मेथीचे पराठे जास्त घातले, वाऱ्यात भूक लागत असेल म्हणून, आणि ओठांना लावायची व्हॅसलिनची डबी ठेवली. त्याने डबी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेत टाकली. मला वाटलं आता बोलेल. लिफ्ट आली आणि गेला.

मी ओरडत का नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाच वाटतंय. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नाही.

मुक्ता


शुक्रवार, ३० जानेवारी

आई,

परवा तुम्ही फोन केलात. दोन वर्षांनी नाव दिसलं स्क्रीनवर, तर मी ऑफिसातून जिन्यात धावत आले. आणि शेवटी मीच फोन आपटला. म्हणून पुन्हा कागद. फोनवर माझा तोल जातो.

तुम्ही म्हणालात, "मला गणपतीतच सांगितलं त्याने." मी जिन्याच्या पायरीवर खाली बसले. मी तुम्हाला बातमी द्यायला निघाले होते आणि ती तुमच्याकडे शिळी होऊन पडली होती. मग तुम्ही म्हणालात, "मी त्याला सांगितलं होतं, आधी बायकोला सांग. तर म्हणे, आई, तू तिचा फोन उचलू नकोस, तुझ्या तोंडून निघून जाईल. म्हणून नाही उचलला. रुसवा होता गं तुझ्यावर, पण तो कधीच सरला. दिवाळीला तुझा फोन आला तेव्हा मी फोन हातात धरून रडत होते."

दिवाळीला मी काय म्हणत होते ठाऊक आहे? म्हातारीचा पीळ काही सुटत नाही, असं म्हणत होते. सलील समोर बसून चकलीचं पीठ मळत होता. ऐकत होता. त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने मला तुम्हाला शिव्या घालू दिल्या.

मी फोनवर म्हटलं की तुम्ही मायलेकरांनी मिळून मला वेडी ठरवलंत. ते मागे घेत नाही. माझ्या पाठीमागे माझ्याच संसाराचं ठरवायला तुम्ही कोण? पण त्यानंतर तुम्ही जे बोललात ते दोन दिवस कानातून जात नाहीये. "तूच म्हणाली होतीस ना त्या रात्री, त्याला परत यायचं तर ही बॅग, हा दरवाजा, मी आणि जुईली इथेच राहू. त्याने ते खरं धरलं."

हो, म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे आला होतात आणि जेवता जेवता सांगितलंत की अंबडला चांगल्या कंपन्या आल्यात, आता नाशिकला या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडणात बोलले, आई. भांडणात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. चिंचवडला माझ्या माहेरी सगळे असेच बोलायचे आणि तासाभराने चहा प्यायचे. तुम्ही चार दिवसांत तिकीट काढून गेलात, आणि हा माणूस ते वाक्य छातीशी धरून वाळवंटात जाऊन उभा राहिला. तोंडाला रुमाल बांधून.

मी खरंच त्याला दरवाजा दाखवला असता, असं त्याला वाटतं? सोळा वर्षं माझ्याबरोबर राहून? मला धक्का नोकरीचा नाही बसला. नोकऱ्या काय, जातात. मला याचा बसलाय.

अजून त्याच्याशी बोललेले नाही. तो रोज जातो. मार्च संपायला दोन महिने आहेत.

मुक्ता


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आई,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्हाला सगळं फोनवर कळलेलं असेल. तरी एक गोष्ट आहे ती तो तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याची त्यालाच कळलेली नसेल.

काल मी ऑफिसात होते. अक्षराचा ग्रुपवर मेसेज आला, तिच्या नवऱ्याच्या ऑफिसचं सुबियाचं बुकिंग रद्द झालं, तिथे तंबूंवर तपासणी चालू आहे, रस्त्याकडच्या तंबूंपासून एकेकाचे कागद बघतायत. खाली बायकांनी हसरे चेहरे टाकले होते, कुणीतरी लिहिलं, आता त्या मुक्याचं काय होणार.

मी जिन्यात गेले आणि त्याला फोन लावला. उचलला. मागे वाऱ्याचा आवाज. म्हणाला, "मुक्ता, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

मी म्हटलं, "सलील, मीटिंग सोड. तंबूतून निघ. तपासणी चालली आहे, रस्त्याच्या बाजूने येतायत. रुमाल काढ, जाकीट काढ, गाडीत बस आणि साधा फिरायला आलेला माणूस म्हणून घरी ये."

पलीकडून नुसता वारा. मी म्हटलं, ऐकलंस का? तो म्हणाला, "हो." फोन बंद.

मी बॉसला पोट दुखतंय सांगितलं आणि टॅक्सी करून घरी आले. आई, त्या दोन तासांत मी काय काय कबूल केलं देवाजवळ, ते मला पुन्हा आठवायचं नाही. पुलावरच्या गाड्या डोळ्यांसमोर येत होत्या. नंतर कळलं, ओवैसचा एक माणूस नेला, सुदानचा की कुठला. तपासणीवाल्यांची गाडी सलीलला वाटेत समोरून आली, आणि त्यांनी याची लाल कोरोला पाहून नुसता हात हलवला.

जुईली शाळेतून आली होती. तिला एवढंच म्हटलं की बाबा लवकर येतोय. तिने दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "ममा, आर यू गोइंग टू शाऊट?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "ओके, बट आय विल बी इन माय रूम." आणि दार लावून घेतलं. अकरा वर्षांची पोर.

मग बेल वाजली. त्याच्याकडे किल्ली असते, तरी त्याने बेल वाजवली. मी दार उघडलं. तोंडावर गॉगलच्या आकाराचे पांढरे गोल, बाकी सगळा चेहरा वाळूने माखून पिवळा झालेला. रोज संध्याकाळी चेहरा धुऊन येत असणार, काल वेळ मिळाला नसेल. मला वाटलं होतं मी रडेन किंवा बोलेन. काहीच झालं नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा. मी म्हटलं, "आत ये." तो आला. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये आपण तिघंही नाशिकला जातोय. मी काल तिकिटं बघितली. अंबडला बघ नाहीतर घरी बस, मला काही फरक पडत नाही." हे मी साध्या आवाजात बोलले, आई, शपथेवर सांगते. आवाज चढवला नव्हता.

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या कानावर, केसांत, सगळीकडे बारीक वाळू. मी ती झटकायला हात वर केला.

त्याने डोळे घट्ट मिटले आणि मान बाजूला घेतली.

माझा हात तसाच राहिला. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, ओशाळला, म्हणाला, "काही नाही गं, वाळू गेली डोळ्यात." मग आत जाऊन आंघोळीला बसला. बराच वेळ नळ चालू होता.

मी सोळा वर्षांत त्याला कधी बोट लावलेलं नाही. जुईलीलासुद्धा नाही. तुम्ही माझ्याविषयी काहीही म्हणा, पण हे खोटं नाही. मग त्याचा चेहरा तसा का झाला?

तुम्ही त्याच्या आई आहात. त्याला पाळण्यापासून ओळखता. तो लहानपणापासूनच असा होता, की माझ्याकडे येऊन असा झाला? मला खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. पत्र मिळालं की फोन करा, मी फोनजवळच असेन.

मुक्ता